पत्र्याच्या पेटीतले कागद: घरातली जुनी पत्रं, पत्रिका आणि पावत्या कशा सांभाळायच्या

आमची इमारत पुनर्विकासाला जायचं ठरलं, तेव्हा घर रिकामं करायला आम्हाला सहा आठवडे मिळाले. पोटमाळ्यावरून एक पत्र्याची पेटी, दोन कापडी पिशव्या आणि तारेत ओवलेले कागदांचे तीन झुबके खाली आले. रद्दीवाला वजनकाटा घेऊन दारात उभा होता. एका तारेवरचं सगळ्यात वरचं कार्ड मी सहज उलटून पाहिलं. आजोबांनी बेळगावहून आजीला लिहिलेलं होतं: मुलीचा ताप उतरला का, शेजारच्यांचे पाच रुपये परत केले का, आणि परीक्षेचा निकाल कार्डावर लिहू नकोस, पाकिटात लिही. त्या दिवशी रद्दीवाल्याला फक्त वर्तमानपत्रं मिळाली.

त्यानंतरच्या काही वर्षांत हे कागद हाताळताना जे शिकलो आणि ज्या चुका केल्या, ते सगळं इथे मांडतोय. तुमच्याकडे एकच पिशवी असली तरी हेच लागू पडेल. एकच गोष्ट मनात पक्की धरा: साफसफाई नंतर, आधी नोंद. कागद ज्या क्रमाने, ज्या पुडक्यात, ज्या माणसाच्या वस्तूंबरोबर सापडला, ती माहिती कागदाइतकीच मोलाची असते. ती एकदा मोडली की कुणालाच परत जुळवता येत नाही.

पेटी कधी उघडायची

पावसाळ्यात नाही. श्रावणातल्या हवेत जुनं पुडकं उघडलं, तर कागद दमटपणा शोषून घेतो आणि परत बांधल्यावर आत बुरशी धरते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळं मिळतं, आणि मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर ती सहसा त्याहून वरच असते. दिवाळी ते होळी हे आपल्याकडचे खरे कामाचे महिने. आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो, तो जरूर घ्या. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत असेल तेव्हा निर्धास्त बसा.

जेवणाचं टेबल रिकामं करून त्यावर धुतलेली, खळ न केलेली पांढरी चादर अंथरा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. कागदासाठी हातमोजे लागत नाहीत, उलट सुती मोज्यात बोटांना जाणीव राहत नाही आणि कडा फाटतात. फोटोंना मात्र मोजे घाला, कारण बोटांच्या घामाचा ठसा फोटोवर कायमचा उमटतो. टेबलावर चहा, पाणी, शाईचं पेन काहीही नको. लिहायला फक्त पेन्सिल घ्या.

जसं आहे तसं टिपा

पेटीचं झाकण उघडून पहिला फोटो वरून काढा. मग एकेक थर उचलताना फोटो काढत जा. वहीत साधी नोंद करा: पेटी १, वरून दुसरं पुडकं, लाल फडक्यात बांधलेलं, ३४ कागद. पेशवे दप्तरातले कागद आजही 'रुमाल' म्हणून मोजले जातात, कारण ते चौकोनी कापडात बांधून ठेवलेले असत. आपल्या आजीनेही नकळत तेच केलेलं असतं. एक फडकं म्हणजे तिच्या डोक्यातला एक विषय. ते फडकं फेकू नका आणि त्यातले कागद दुसऱ्या पुडक्यात मिसळू नका.

तारेचा झुबका हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. पूर्वी घराघरांत खुंटीला तारेचा आकडा असे. आलेलं पत्र, भरलेलं बिल, मनीऑर्डरची पावती, सगळं वाचून झालं की त्यात ओवायचं. त्यामुळे तारेचा क्रम म्हणजे आपोआप झालेली रोजनिशी: तळाशी सगळ्यात जुना कागद, वर सगळ्यात नवा. कागद वर ओढून काढायला गेलात, तर गंजलेली तार भोक फाडत नेते. तारेचं वाकवलेलं टोक पक्कडने कापा, कापलेल्या जागी गंजाचा खवला राहिला असेल तर तो कानशीने घासून घ्या, आणि मग एकेक कागद हलक्या हाताने सरकवत काढा. काढलेला प्रत्येक कागद आधीच्या कागदावर पालथा ठेवत जा. मागच्या कोपऱ्यात फिकट पेन्सिलीने क्रमांक घाला: ता १/१, ता १/२. मी पहिल्या तारेला क्रमांक घातले नाहीत, आणि पंख्याच्या एका झोताने चाळीसेक कार्डं जमिनीवर पसरली. त्यातल्या तारीख नसलेल्या कार्डांची जागा मला आजही सापडलेली नाही.

टाचण्या आणि स्टेपलर पिना गंजलेल्या असतील, तर त्यांच्या खाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून पिनेचे पाय मागून सरळ करा, मग काढा. रबर बँड वितळून चिकटला असेल तर सुकू द्या. तो कडक झाला की आपोआप तुटून निघतो.

काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हा निर्णय पहिल्या वर्षी घेऊच नका. खरेदीखत, जन्मपत्रिका, सर्टिफिकेट हे सगळेच ठेवतात. पण किराण्याची यादी, रुखवताची यादी, आहेराची वही, प्रगतिपुस्तक, रेशन कार्ड, कंडक्टरने चिमट्याने भोक पाडलेलं एसटीचं तिकीट, हेच कागद त्या घराचं रोजचं जगणं सांगतात. कालनिर्णय १९७३ मध्ये सुरू झालं. घरात त्याची जुनी पानं उरली असतील, तर त्यावरचे दुधाचे खाडे, 'गॅस लावला', 'मावशी आली' हे सगळं वाचा. एका वर्षाचा संसार त्या बारा पानांत असतो. एक मात्र पाहिलंय: मृत्यूची बातमी आणणारं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायची रीत होती, म्हणून ती कार्डं बहुधा मिळत नाहीत. एखादं सापडलंच, तर कुणीतरी ते मुद्दाम जपलं होतं असं समजा.

साल कसं ओळखायचं

निम्म्या पत्रांवर 'सोमवार' किंवा 'दुपारी' एवढंच लिहिलेलं असतं. तरी कागद स्वतःच पुष्कळ बोलतो.

आधी टपालाचा शिक्का पाहा. पुसट असेल तर खोली अंधारी करून टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा, अक्षरांचे दाब दिसू लागतात. म्हणूनच पाकिटावरचं तिकीट कापून काढू नका. तिकिटाची किंमत चार-दोन रुपये असेल, पण शिक्क्यासकट पाकीट हे ठिकाण आणि तारखेचा पुरावा आहे. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला पाव आण्याला सुरू झालं, आणि आंतरदेशीय पत्र २ ऑक्टोबर १९५० ला. म्हणजे निळं आंतरदेशीय हातात आलं की ते त्यानंतरचंच. आण्यांची जागा दशमान पैशांनी १ एप्रिल १९५७ ला घेतली, आणि 'नया पैसा' हे नाव १९६४ पर्यंत चाललं. घरातल्या हिशेबात मात्र आणे पुढे काही वर्षं रेंगाळले, तेव्हा वहीतल्या आण्यांवरून घाईने साल ठरवू नका.

पत्ता तर फारच बोलका. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. त्याआधी मोठ्या शहरांत नुसता विभागाचा आकडा असे: मुंबई २८, पुणे ३०. तोच आकडा पुढे पिनच्या शेवटी राहिला, दादरचं ४०००२८ आणि सदाशिव पेठेचं ४११०३० झालं. 'मुंबई राज्य' असेल तर कागद १ मे १९६० च्या आधीचा. 'जि. कुलाबा' असेल तर १९८१ च्या आधीचा, कारण त्या वर्षी तो रायगड झाला. सावंतवाडी किंवा मालवणच्या पत्त्यात 'जि. रत्नागिरी' असेल तर तोही १९८१ च्या आधीचा, कारण सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा झाला. लोक जुना जिल्हा सवयीने लिहीत राहतात, हे धरून चाला. आयुर्विम्याच्या जुन्या कागदावर खासगी कंपनीचं नाव असेल तर तो सप्टेंबर १९५६ च्या, म्हणजे आयुर्विमा महामंडळ स्थापन होण्याच्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. गोव्यातल्या घरांत १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचे सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये असतात. ते वाचता येत नाहीत म्हणून वेगळे काढून टाकू नका.

लग्नपत्रिकेवर आणि जन्मपत्रिकेवर शके असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, त्यामुळे जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. उदाहरणार्थ शके १८७२, विकृतीनाम संवत्सर, वैशाख म्हणजे १९५०. पण त्याच शकातला माघ १९५१ मध्ये पडतो. नुसतं संवत्सराचं नाव असेल तर सावध राहा, तेच नाव साठ वर्षांनी परत येतं. मराठवाड्यातल्या महसुली कागदांवर फसली सन दिसतो, त्यात ५९० किंवा ५९१ मिळवा. पेशवाईतल्या कागदांवर 'इहिदे', 'इसन्ने', 'सलास' अशा अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेला सुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६००.

मोडी कागद निघाला तर घाबरू नका. ही लिपी १९५० च्या आसपासपर्यंत शाळेत शिकवली जायची, त्यामुळे पणजोबांचं साधं घरगुती पत्रही मोडीत असू शकतं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात, जे वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलं, मोडी वाचणाऱ्यांची परंपरा आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरून आणि दप्तरांतून कागद मिळवत. त्यातूनच 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड उभे राहिले, पहिला १८९८ मध्ये. तेव्हा आपल्या घरातला कागद कुणाच्याच उपयोगाचा नाही, हे आपणच ठरवून टाकू नये.

धूळ, कसर, बुरशी

कोरडी धूळ मऊ, रुंद, नव्या ब्रशने मधून कडेकडे झाडा. रंगकामाचा बकरीच्या केसांचा ब्रश उत्तम. ओलं फडकं, स्पिरिट, ब्रेडचा गोळा, काहीही लावू नका. पत्रिकेच्या कोपऱ्यांवरची हळद-कुंकवाची बोटं तर अजिबात पुसू नका. ती लावली कुणी, हेच तर आपण सांभाळतोय.

चंदेरी, चपटी, पळणारी ती कसर. तिला खळ, डिंक आणि फोटोवरचा जिलेटिनचा थर आवडतो. कागदावर बारीक भोकं आणि भुसा असेल तर कागदी किडा. आज ना उद्या सगळ्यांना हा प्रश्न पडतो: डांबरगोळ्या घालायच्या का? माझं मत, नको. त्यांचा वास कागदात मुरतो, बंद खोलीत तो आपल्यालाही बाधतो, आणि वाळवीपुढे त्यांचं काही चालत नाही. वेखंडाची आणि कडुलिंबाची पुरचुंडी जुन्या पोथ्यांबरोबर ठेवायचे. ठेवायची असेल तर कापडात बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवा, पूड कागदाला लागू देऊ नका.

किडा लागलेल्या कागदांवर खात्रीचा उपाय म्हणजे फ्रीझर. कागद वेष्टनात गुंडाळून, झिपच्या पिशवीत घालून, हवा काढून पिशवी बंद करा, तीही दुसऱ्या पिशवीत घाला. घरातल्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर आत पाणी सुटेल. फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह यात घालू नका.

बुरशी दिसली तर आधी तो कागद बाकीच्यांपासून दूर करा. ओली, मऊ बुरशी झाडली तर सगळीकडे पसरते. पंख्याच्या आडव्या हवेत, सावलीत सुकू द्या, पावडर झाली की बाहेर गॅलरीत नेऊन, तोंडाला मास्क लावून झाडा. दम्याचा त्रास असेल त्याने हे काम करू नये. ऊन दाखवायची सवय मोडा: ऊन शाई उडवतं आणि कागद ठिसूळ करतं.

आणि पुराचं. १९६१ मध्ये पानशेत फुटलं तेव्हा पुण्याच्या नदीकाठी, २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ मध्ये चिपळुणात किती घरांचे कागद गेले असतील याची गणती नाही. कागद भिजले तर पहिले ४८ तास महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी येते. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. हाताला जेवढं काम उरकेल तेवढंच बाहेर ठेवा, प्रत्येक दोन कागदांत टीपकागद किंवा पांढरा, छपाई नसलेला कागद घाला आणि दर काही तासांनी बदला. उरलेले कागद पिशवीत घालून फ्रीझरला लावा, तिथे ते थांबून राहतात. काजळाच्या शाईचे मोडी कागद भिजले तर बोटाने दाबू नका, ती शाई उन्हाने विटत नाही पण पाण्याने सुटते.

कशात ठेवायचं

आजोबांचं १९४६ चं नेमणुकीचं पत्र मी एका दुकानात लॅमिनेट करून आणलं होतं. चार वर्षांत आतला कागद तपकिरी झाला, आणि आता ते प्लॅस्टिक कुणालाच सोडवता येत नाही. लॅमिनेशन म्हणजे गरम प्लॅस्टिक कागदाच्या तंतूंत वितळवणं. कृपा करून कुठल्याच मूळ कागदाला ते करू नका. सेलोटेपही तसाच: काही वर्षांनी पट्टी गळून पडते आणि मागे पिवळा, तेलकट डाग राहतो.

जुन्नर आणि दौलताबादच्या हातकागदावरचे दोनशे वर्षांपूर्वीचे कागद आज टणक असतात आणि १९७० चं वर्तमानपत्र हातात चुरतं, यामागे कारण आहे. जुना हातकागद चिंध्यांपासून होत असे. नंतरचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल तयार होत राहतं आणि ते शेजारच्या कागदालाही लागतं. म्हणून कात्रणं कधीही पत्रांच्या अंगाला लावून ठेवू नका. पत्रांभोवती सुती चिंध्यांपासून केलेला, आम्लमुक्त असं सांगून विकला जाणारा कागद गुंडाळा. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी विचारा, पण 'हातकागद' म्हणजे आपोआप आम्लमुक्त नव्हे, विचारूनच घ्या. बाहेरून धुवट मलमल. पारदर्शक पिशवी हवीच असेल तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन, वास येणारं मऊ पीव्हीसी नको.

घड्या उलगडून कागद सपाट ठेवा. पत्र पाकिटातून काढून ठेवलं, तर दोन्हीवर एकच क्रमांक घाला. पेटी जमिनीला आणि बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, वाळवी तिथूनच चढते. गच्चीखालचा पोटमाळा उन्हाळ्यात भट्टी होतो, आणि बाथरूमला लागून असलेलं कपाट कायम ओलसर असतं. घरातल्या आतल्या भिंतीचं लोखंडी कपाट, मधला खण, ही सगळ्यात चांगली जागा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवत असाल तर रंग बदलला की ती तापवून कोरडी करा, नाहीतर तिचा काहीच उपयोग नाही.

फाटलेली कड जोडायची असेल तर पातळ जपानी कागदाची फाडलेली, कापलेली नव्हे, पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची शिजवून गार केलेली खळ. आधी बिनकामाच्या कागदावर दहादा सराव करा. पूर्वी बाइंडिंगच्या खळीत मोरचूद घालायचे, ते टाळा. शाईने कागद खाल्ला असेल, तुकडे पडत असतील, तर हात न लावता जाणत्या संवर्धकाकडे न्या.

फोटो आणि उडणारी अक्षरं

चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक ओढायचे आल्बम फोटो खातात. निघत असतील तर फोटो काढून घ्या, हट्टाने चिकटले असतील तर पानासकट स्कॅन करा. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो अंधारातही विटतात, त्यामुळे स्कॅनिंगची सुरुवात त्यांच्यापासून करा. काळे-पांढरे वाट पाहू शकतात. मशीनचं एसटी तिकीट, एटीएमची पावती असे चमकदार कागद काही महिन्यांत कोरे होतात, त्यांचा त्याच दिवशी फोटो काढा.

कागद ३०० आणि फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, दोन्ही बाजू, कोरी असली तरी. मोबाइल वापरत असाल तर खिडकीजवळचा सावलीतला उजेड, फ्लॅश बंद. फाइलचं नाव तारखेने सुरू करा: १९५८-११-०४_बेळगाव_आजोबा-आजी. प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात.

काही गोष्टी सांभाळून

जमिनीचे, वारसाचे, शाळेचे मूळ कागद वेगळे काढा. जात पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा बघितला जातो. तेव्हा पणजोबांचा शाळेचा दाखला हा नातवंडांच्या प्रवेशाचा कागद ठरू शकतो. त्यावर क्रमांकही घालू नका, क्रमांक पाकिटावर लिहा.

पत्रांत घरातली भांडणं, आजारपणं, दत्तक, कर्ज सगळं निघतं. ज्यांच्याबद्दल आहे ती माणसं किंवा त्यांची मुलं हयात असतील, तर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना विचारा.

बाहेरून गोळा करायची हौस लागली तर पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, मुंबईचा चोर बाजार आहे. तिथे कुणाच्या तरी घरातली पत्रं गठ्ठ्याने विकायला येतात. गठ्ठा घ्यायचा असेल तर अख्खा घ्या, फोडून घेऊ नका. परदेशात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा: १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोलाची ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं आणि दस्तऐवज परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत.

माणसांना विचारा

यातलं सगळ्यात निकडीचं काम कागदाचं नाहीच. फोटोतल्या तिसऱ्या रांगेत उभी असलेली ती बाई कोण, हे सांगणारी आत्या आज ८६ वर्षांची आहे. फोटोची मोठी प्रिंट काढून तिच्याकडे घेऊन जा, चेहऱ्यांवर आकडे घाला, मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करा. 'हे कोण' असं विचारू नका, 'या दिवशी काय चाललं होतं' असं विचारा. नावं आपोआप येतात. मी बेळगावचं ते कार्ड आत्याला वाचून दाखवलं. ताप आलेली मुलगी तीच होती, आणि शेजारच्यांचे पाच रुपये कशासाठी घेतले होते तेही तिला आठवत होतं: तिच्याच औषधासाठी.

नोंदीची वही पूर्ण झाली की तिची एक प्रत झाकणाच्या आतल्या बाजूला पाकिटात ठेवा, म्हणजे पेटी उघडणाऱ्याला आत काय आहे ते कळेल. दरवर्षी भाऊबीजेच्या आसपास पेटी एकदा उघडा. हवा कोरडी झालेली असते, आणि चेहरे ओळखणारी माणसं घरी आलेली असतात.